छापायचं काय, हे ठरवणारी माणसं

२००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या आणि समीक्षकांच्या हाती एका कुमारकादंबरीच्या आगाऊ प्रती पडल्या. कादंबरीचं नाव ‘लायर’, लेखिका ऑस्ट्रेलियाच्या जस्टिन लार्बलेस्टियर आणि प्रकाशक ब्लूम्सबरीची अमेरिकी शाखा. मुखपृष्ठावर एका मुलीचा जवळून टिपलेला चेहरा होता. गोरीपान कांती, लांब सरळ केस आणि त्याच केसांनी झाकलेलं तोंड. दुकानात शंभर पुस्तकांत उठून दिसावं असं ते चित्र होतं. घोळ एवढाच होता, की कादंबरीची नायिका मायका कृष्णवर्णीय आहे. तिचे केस कुरळे आहेत, आणि इतके आखूड, की सुरुवातीला ती शाळेत मुलगा म्हणून खपून जाते.

वाचकांनी जाब विचारायला सुरुवात केली. नायिका मुळात खोटं बोलणारी आहे, तेव्हा तिच्या रूपाबद्दलही वाचकाच्या मनात शंका राहावी, असा खुलासा प्रकाशकांकडून आला. तो कुणाला पटला नाही. खुद्द लेखिकेनं जाहीरपणे लिहिलं, की हे मुखपृष्ठ तिला नको होतं. काळे चेहरे असलेली मुखपृष्ठं खपत नाहीत, हे ती या धंद्यात वर्षानुवर्षं ऐकत आली होती. शेवटी पुस्तक बाजारात आलं ते नव्या मुखपृष्ठासह, कृष्णवर्णीय मुलीचा चेहरा घेऊन. पण सहा-सात महिने उलटतात न उलटतात तोच त्याच प्रकाशनाच्या ‘मॅजिक अंडर ग्लास’ या कादंबरीवर सावळ्या नायिकेच्या जागी गोरी मुलगी झळकली. ओरड झाली, तेही मुखपृष्ठ बदललं गेलं.

या दोन्ही प्रकरणांत खलनायक शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. एक पुस्तक वाचकापर्यंत पोचेस्तोवर ते संपादकाच्या, चित्रकाराच्या, विक्री विभागाच्या, जाहिरात विभागाच्या हातांतून जातं. एवढ्या हातांतून गेलेलं चित्र चुकलंय, हे वेळेवर ठासून सांगणारं आणि ज्याचं ऐकलं जाईल असं माणूस त्या साखळीत नव्हतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पुस्तक-प्रकाशनातल्या वांशिक वैविध्याची चर्चा गेली साठ वर्षं चालली आहे. ती वरवर पाहता लेखकांबद्दलची असते, पण तिचं मूळ या साखळीत आहे.

ही साखळी चालते कशी, ते समजून घ्यायला हवं. आपल्याकडे मराठी लेखक आजही हस्तलिखिताची पिशवी घेऊन थेट प्रकाशकाच्या कार्यालयात जाऊ शकतो. अमेरिकेत मोठ्या प्रकाशकांकडे असं जाता येत नाही. तिथला बाजार मुख्यतः पाच कंपन्यांच्या हातात आहे: पेंग्विन रँडम हाउस, हार्परकॉलिन्स, सायमन अँड शुस्टर, हॅशेट आणि मॅकमिलन. त्यांच्या दारात उभं राहायचं तर आधी साहित्यिक एजंट मिळवावा लागतो. एजंटला हस्तलिखित आवडलं तर तो ते संपादकाकडे पाठवतो. संपादकाला आवडलं तरी त्याच्या एकट्याच्या मर्जीवर काही होत नाही. त्याला ते बैठकीत मांडावं लागतं, आणि तिथे विक्री, प्रसिद्धी आणि हिशेब बघणारी मंडळी बसलेली असतात. पहिला प्रश्न असतो तो पुस्तक किती खपेल याचा. उत्तर देण्यासाठी अलीकडे खपलेल्या तशाच दोन-चार पुस्तकांचे दाखले द्यायचे असतात. या दाखल्यांना धंद्याच्या बोलीत ‘कॉम्प’ म्हणतात. कॉम्पवरून अंदाजे खप, त्यावरून लेखकाला द्यायची आगाऊ रक्कम, आणि आगाऊ रकमेवरून जाहिरातीचा खर्च ठरतो.

पाणी मुरतं ते इथे. एखाद्या समाजाबद्दलची पुस्तकं आजवर फारशी निघालीच नसतील तर दाखले कुठून आणायचे? दाखला नाही म्हणून अंदाज कमी, म्हणून आगाऊ रक्कम कमी, म्हणून जाहिरातही जेमतेम. पुस्तक पडतं, आणि ‘असली पुस्तकं खपत नाहीत’ याचा आणखी एक पुरावा दप्तरात जमा होतो.

आणि त्या बैठकीत बसतं कोण? न्यूयॉर्कच्या ली अँड लो या छोट्या बालपुस्तक-प्रकाशनानं २०१५ साली एक पाहणी केली. १९९१ साली दोन चिनी-अमेरिकी माणसांनी सुरू केलेली ही संस्था आहे. पाहणीत प्रकाशन व्यवसायातले ७९ टक्के लोक गोरे निघाले. २०१९ च्या पाहणीत हा आकडा ७६ वर आला, पण संपादकीय विभागात तो ८५ टक्के होता, म्हणजे आधीपेक्षा थोडा वाढलेलाच. २०२३ मध्ये एकूण प्रमाण ७२.५ टक्क्यांवर आलं. अमेरिकेच्या लोकसंख्येत हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आत-बाहेर आहे. मुख्य म्हणजे न्यूयॉर्कसारख्या, निम्म्याहून अधिक लोक गोरे नसलेल्या शहरात हा व्यवसाय एकवटला आहे.

पुस्तकांच्या यादीत याचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं. मॅकगिल विद्यापीठातले अभ्यासक रिचर्ड जीन सो यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी २०२० मध्ये एक मोजणी केली. १९५० ते २०१८ या काळात मोठ्या प्रकाशकांनी काढलेल्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांपैकी ज्यांच्या लेखकाचा वंश निश्चित करता आला अशी ७,१२४ पुस्तकं त्यात होती. त्यांपैकी ९५ टक्के गोऱ्या लेखकांची होती. केवळ २०१८ या वर्षाचा हिशेब काढला तर गोऱ्यांचा वाटा ८९ टक्के निघाला. नागरी हक्क चळवळ झाली, कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला, तरी एवढाच फरक!

बालपुस्तकांच्या बाबतीत मोजणीची सवय त्याहून जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. पुस्तकांत नेहमी गोरीच मुलं का असतात, असा एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचा प्रश्न त्यांनी लेखाच्या आरंभी दिला होता. लॅरिकबाईंनी थेट प्रकाशकांनाच प्रश्नावली पाठवली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं, म्हणजे ६.७ टक्के. पुढे मॅडिसन इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्रानं १९८५ पासून दरवर्षी नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या पहिल्या वर्षी सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखकांची किंवा चित्रकारांची किती असावीत? अठरा! याच केंद्राच्या २०१८ च्या आकडेवारीत मुख्य पात्र गोरं असलेली पुस्तकं ५० टक्के होती आणि ससे, अस्वलं, मोटारी वगैरेंची २७ टक्के. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला १० टक्के आली, आशियाई वंशाच्या मुलांच्या ७, लॅटिनोंच्या ५ आणि मूळनिवासी मुलांच्या वाट्याला १ टक्का. या सगळ्यांची बेरीज केली तरी ती प्राण्यांच्या आकड्याला गाठत नाही.

ओहायो राज्य विद्यापीठाच्या प्राध्यापिका रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली या प्रश्नाला एक नेमकी उपमा दिली, जी आता अमेरिकी ग्रंथपालांच्या तोंडी रुळली आहे. पुस्तक मुलांसाठी कधी आरसा असतं, कधी खिडकी. काही मुलांना जन्मभर आरसे मिळतात आणि काहींच्या वाट्याला फक्त दुसऱ्याच्या घराच्या खिडक्या येतात. बिशपबाईंचा मुद्दा दुहेरी होता. ज्याला फक्त आरसेच मिळतात त्या गोऱ्या मुलाचंही नुकसान होतं, हे त्या आवर्जून सांगत.

खुर्चीवर माणूस बदललं की काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण रँडम हाउसमध्ये सापडतं. टोनी मॉरिसन यांना १९९३ साली साहित्याचं नोबेल मिळालं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी बरीच वर्षं संपादक म्हणून नोकरी केली, हे त्या मानानं कमी लोकांना माहीत असतं. १९६५ मध्ये, घटस्फोटानंतर पदरी दोन लहान मुलगे असताना, त्या सिरॅक्यूज शहरात रँडम हाउसच्या पाठ्यपुस्तक विभागात लागल्या. तिथून न्यूयॉर्कच्या मुख्य कार्यालयात आल्या आणि १९८३ पर्यंत राहिल्या. स्वतःचं लेखन त्या पहाटे, मुलं उठायच्या आत करत. १९७० मध्ये त्यांची पहिली कादंबरी ‘द ब्लूएस्ट आय’ आली, ती दुसऱ्याच प्रकाशनाकडून.

कार्यालयात त्यांनी काय काय छापून आणलं, ते पाहण्यासारखं आहे. टोनी केड बम्बारा यांच्या कथा, गेल जोन्स यांची ‘कॉरेजिडोरा’ ही कादंबरी, अँजेला डेव्हिस आणि मुहम्मद अली यांची आत्मचरित्रं. १९७२ साली त्यांनी ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्युई न्यूटन यांच्या लेखांचं पुस्तक संपादित केलं. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी त्या पक्षावरून नाव घेऊन दलित पँथर स्थापन केली होती. एका बाजूला आपले तरुण कवी लघुनियतकालिकांतून आणि सभांतून लिहीत-बोलत होते; दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या एका बलाढ्य प्रकाशन संस्थेत बसलेली एक बाई तशाच विद्रोही मजकुराला कापडी बांधणी आणि देशभरचं वितरण मिळवून देत होती.

मॉरिसन यांच्या संपादकीय कामातलं एक पुस्तक मात्र जगावेगळं होतं. १९७४ चं ‘द ब्लॅक बुक’ ही रूढ अर्थानं कुणाची कलाकृती नव्हतीच. मिडलटन हॅरिस आणि त्यांच्यासारख्या हौशी संग्राहकांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदांचा तो भला मोठा चिकटवहीवजा ग्रंथ होता. गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती, कृष्णवर्णीय संशोधकांनी घेतलेली पेटंटं, गाण्यांच्या छापील प्रती, कौटुंबिक छायाचित्रं, वृत्तपत्रांची कात्रणं असं सगळं त्यात होतं. असल्या पुस्तकाला कॉम्प कुठला? तरीही ते निघालं. त्यातल्या एका कात्रणात मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीची हकिकत होती. १८५६ च्या जानेवारीत ती केंटकीतून ओहायोत पळून आली, पकडणारे दारात आले तेव्हा तिनं मुलीला परत गुलामीत जाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या हातानं मारलं. या कात्रणातून पुढे मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी जन्माला आली. तिला १९८८ चं पुलित्झर मिळालं.

मॉरिसन १९८३ मध्ये नोकरी सोडून गेल्या आणि पहिले पाढे पंचावन्न. रिचर्ड सो यांच्या अभ्यासानुसार १९८४ ते १९९० या काळातल्या रँडम हाउसच्या ५१२ पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखकांची फक्त दोन होती. त्यांतली एक खुद्द मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’! संस्थेनं धोरण म्हणून काहीच बदललेलं नव्हतं. बदल एका माणसाच्या खुर्चीला बांधलेला होता, आणि ते माणूस उठून गेलं होतं.

आता ‘खपत नाही’ या मुद्द्याकडे वळायला हवं, कारण धंद्यात शेवटचा शब्द त्याचाच असतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं २०२० मध्ये आपल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी जाहीर केली. पहिला क्रमांक लागला एझ्रा जॅक कीट्स यांच्या १९६२ सालच्या ‘द स्नोई डे’ या चित्रपुस्तकाचा. एकूण ४,८५,५८३ वेळा ते नेलं गेलं होतं. लाल टोपडं घालून बर्फात हुंदडणारा पीटर हा त्याचा नायक कृष्णवर्णीय आहे. लेखक-चित्रकार कीट्स मात्र गोरे, ज्यू घरातले.

प्रौढांच्या पुस्तकांत तर कृष्णवर्णीय लेखकांनी वाचक स्वतः शोधून काढले. टेरी मॅकमिलन यांची पहिली कादंबरी ‘मामा’ १९८७ मध्ये आली, तेव्हा प्रकाशकानं जाहिरातीत हात आखडता घेतला. बाईंनी पुस्तकांची दुकानं आणि महाविद्यालयं यांना स्वतः तीन हजारांवर पत्रं लिहिली आणि वाचनाचे कार्यक्रम मिळवले. पाच वर्षांनी त्यांची ‘वेटिंग टु एक्झेल’ लाखोंनी खपली. अटलांटातले ई. लिन हॅरिस संगणक विकण्याची नोकरी सोडून लेखनाकडे वळले होते. १९९१ मध्ये त्यांनी ‘इनव्हिजिबल लाइफ’ ही कादंबरी पदरमोड करून छापली आणि मोटारीच्या डिकीत गठ्ठे टाकून ब्यूटी पार्लरमधून विकली. तिथे तासन्‌तास बसलेल्या बायका हाच त्यांचा वाचकवर्ग ठरला. मोठ्या प्रकाशकाला तो दिसला तीन वर्षांनी. वाचक नव्हता असं कधीच नव्हतं. पार्लरमध्ये कोण वाचतं, हे न्यूयॉर्कच्या बैठकीत बसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

२०१४ साली या सगळ्याला नव्यानं धार आली. मार्चमध्ये ज्येष्ठ बालसाहित्यिक वॉल्टर डीन मायर्स आणि त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एकाच दिवशी दोन लेख लिहिले. २०१३ मध्ये निघालेल्या ३,२०० बालपुस्तकांत केवळ ९३ पुस्तकं कृष्णवर्णीयांबद्दलची होती, हा आकडा त्यांनी वेशीवर टांगला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ‘बुककॉन’ मेळाव्यातल्या बालसाहित्यिकांची यादी जाहीर झाली. सगळेच्या सगळे गोरे, आणि जोडीला इंटरनेटवर गाजलेली एक मांजर. एलन ओह आणि मालिंडा लो या लेखिकांच्या संतापातून ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ ही मोहीम उभी राहिली आणि लवकरच तिची संस्था झाली. संस्थेनं भाषणांपेक्षा पैशाचा मार्ग धरला: नव्या लेखकांना अनुदान आणि प्रकाशन संस्थांत उमेदवारी करणाऱ्या तरुणांना भत्ता. त्याच वर्षी मायर्स वारले. त्यांच्या नावानं दिलेलं पहिलं अनुदान मिसिसिपीतल्या अँजी थॉमस यांना मिळालं. पोलिसांच्या गोळीनं मित्राला मरताना पाहणाऱ्या मुलीची त्यांची कादंबरी ‘द हेट यू गिव्ह’ विकत घेण्यासाठी १३ प्रकाशकांनी बोली लावली. २०१७ मध्ये ती निघाली ती थेट खपाच्या यादीच्या अग्रस्थानी.

या वाटेनं पुढे आलेल्यांत एक मराठी नावही आहे. मिशिगनमध्ये वाढलेल्या सुप्रिया केळकर यांना लहानपणी वाचलेल्या अमेरिकी पुस्तकांत आपल्यासारखी मुलगी कधी भेटली नव्हती. तसं पाहिलं तर भारतीय लेखक तिथे नवा नाही. कोलकात्यातल्या कबुतराची गोष्ट लिहिणाऱ्या धनगोपाल मुखर्जींना १९२८ सालीच अमेरिकी बालसाहित्यातलं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं होतं. पण ती वाट पुढे रुंद झाली नाही. केळकरांची ‘अहिंसा’ ही कादंबरी १९४२ च्या भारतात घडते. तिची प्रेरणा त्यांच्या पणजी, नागपूरच्या स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे खासदार झालेल्या अनसूयाबाई काळे. आई चळवळीत उतरल्यावर घरातल्या दहा वर्षांच्या अंजलीला काय काय सोडावं लागतं, आणि चळवळीतल्या सवर्णांना दलितांकडे पाहण्याची नजर कशी बदलावी लागते, हे त्यात येतं. हस्तलिखित बरीच वर्षं पडून होतं. त्याला २०१५ मध्ये ली अँड लोचा, वर्णभेद सोसलेल्या समाजांतल्या नव्या लेखकांसाठीचा पुरस्कार मिळाला आणि २०१७ मध्ये पुस्तक निघालं. पुढे ‘अमेरिकन ॲज पनीर पाय’मध्ये त्यांनी मिशिगनच्या शाळेत जाणारी लेखा उभी केली. तिच्या कपाळावर टिकलीसारखी जन्मखूण आहे आणि ती लपवण्यात तिची निम्मी शक्ती जाते.

पुस्तक निघालं तरी मोल किती मिळतं, हा पुढचा प्रश्न. तो जून २०२० मध्ये उघड्यावर आला. एल. एल. मॅकिनी या लेखिकेनं समाजमाध्यमावर आवाहन केलं, की प्रत्येकानं आपल्याला मिळालेली आगाऊ रक्कम जाहीर करावी. एरवी लेखक या विषयावर ताकास तूर लागू देत नाहीत. विज्ञानकथेतला ह्यूगो पुरस्कार एकाच मालिकेसाठी लागोपाठ तीन वर्षं पटकावणाऱ्या एन. के. जेमिसिन यांना त्या मालिकेच्या प्रत्येक पुस्तकासाठी २५,००० डॉलर मिळाले होते. जेसमिन वॉर्ड यांना २०११ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाल्यानंतरही पुढच्या कादंबरीसाठी एक लाख डॉलर मिळवताना भांडावं लागलं, प्रकाशक बदलावा लागला. त्या कादंबरीलाही २०१७ चा तोच पुरस्कार मिळाला. त्याच वेळी काही गोरे लेखक पहिल्याच कादंबरीला मिळालेले दोन-दोन लाखांचे आकडे सांगत होते, आणि सांगताना ओशाळत होते.

त्याच वर्षीच्या जानेवारीतलं ‘अमेरिकन डर्ट’ प्रकरण ताजं होतं. मेक्सिकोतून जिवाच्या भीतीनं पळणाऱ्या मायलेकांच्या या कादंबरीला सात आकडी आगाऊ रक्कम मिळाली होती आणि ओप्रा विन्फ्रीनं ती आपल्या वाचक-मंडळासाठी निवडली होती. लेखिका जनीन कमिन्स यांनी मेक्सिकोचं उसनं, साचेबद्ध चित्र रंगवल्याची टीका मिरियम गुर्बा आणि इतर लॅटिनो लेखकांनी केली. प्रकाशनपूर्व मेजवानीत टेबलांवर काटेरी तारा गुंडाळलेली फुलदाणी शोभेला ठेवली होती, त्याची छायाचित्रं फिरली आणि वाद भडकला. प्रकाशकानं लेखिकेचा दौरा रद्द केला. परक्या समाजाबद्दल लिहायचंच नाही, असं कुणी शहाणा टीकाकार म्हणत नव्हता. कीट्सचा पीटर सर्वांनाच प्रिय आहे. राग याचा होता, की त्याच सीमेवर आयुष्य काढलेल्या लेखकांना त्या रकमेच्या पासंगालाही पुरेल एवढं कधी मिळालं नव्हतं.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला आणि वंशवादावरची पुस्तकं दुकानांतून संपली. ऑगस्टमध्ये इसाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ आलं. अमेरिकी वर्णभेद आणि भारतीय जातिव्यवस्था शेजारी शेजारी ठेवणारं आणि बाबासाहेब आंबेडकरांची ओळख लाखो अमेरिकी वाचकांना करून देणारं हे पुस्तक महिनोन्‌महिने खपाच्या यादीत राहिलं. प्रकाशकांनी घाईघाईनं जाहीरनामे काढले, मोठ्या पदांवर नवी माणसं आणली. पुलित्झर पुरस्कारांचं काम पाहणाऱ्या डेना कॅनेडी सायमन अँड शुस्टरच्या मुख्य विभागाच्या प्रकाशक झाल्या. लिसा लुकस यांच्याकडे पँथिऑन या प्रकाशनाची सूत्रं आली. दोघींच्याही जागी पूर्वी कुणी कृष्णवर्णीय व्यक्ती बसली नव्हती. कॅनेडी दोन वर्षांत, स्वतःच्या लेखनासाठी, पायउतार झाल्या. लुकस यांना मे २०२४ मध्ये काढण्यात आलं. पुस्तक विकत घेण्यापासून ते बाजारात येण्यापर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. त्यामुळे तीन-साडेतीन वर्षांत प्रकाशकाच्या निवडीची जेमतेम पहिली फळी वाचकांसमोर येते.

ब्रिटनमध्ये हाच चढ-उतार आकड्यांत दिसतो. तिथल्या प्राथमिक साक्षरतेचं काम करणाऱ्या एका संस्थेनं २०१७ च्या बालपुस्तकांची मोजणी केली तेव्हा अल्पसंख्याक वंशाचं एखादं तरी पात्र असलेली पुस्तकं ४ टक्के निघाली. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत अशी मुलं सुमारे ३२ टक्के होती. २०२२ मध्ये पुस्तकांचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुढच्याच वर्षी ते १७ वर घसरलं.

माणसं नेमली की प्रश्न सुटतो असंही नाही, हे सांगणारी एक घटना २०१६ ची आहे. स्कॉलॅस्टिक प्रकाशनानं ‘अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन’ हे चित्रपुस्तक काढलं. वॉशिंग्टनचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी मालकाच्या वाढदिवसाचा केक हसतखेळत बनवताना त्यात दिसतात. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला होता. टीका इतकी झाली, की पंधरवड्याच्या आत पुस्तक मागे घेतलं गेलं. त्याची लेखिका, चित्रकार आणि संपादिका, तिघीही गोऱ्या नव्हत्या. एका खोलीत सगळ्यांची मतं सारखी असायला नकोत, तशी एका वंशाच्या सगळ्या माणसांची मतंही सारखी नसतात. म्हणून एकट्यादुकट्या नेमणुकीनं भागत नाही.

दुसरा धोका पर्सिव्हल एव्हरेट यांनी २००१ मध्येच ‘इरेझर’ या कादंबरीत ओळखला होता. त्यातला कृष्णवर्णीय प्राध्यापक ग्रीक अभिजात साहित्यावर बेतलेल्या कादंबऱ्या लिहितो, आणि त्या ‘पुरेशा काळ्या’ नाहीत म्हणून परत येतात. वैतागून तो झोपडपट्टी, बंदुका, शिव्या कोंबून एक विडंबन लिहितो. प्रकाशक ते खरं समजून भरमसाट पैसे देतात. या कादंबरीवरच्या ‘अमेरिकन फिक्शन’ चित्रपटाला २०२४ मध्ये रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. ब्रिटनमधले अभ्यासक अनामिक साहा आणि सँड्रा व्हॅन लेंटे यांनी शंभरावर प्रकाशन-व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतूनही असंच काहीसं निघालं. धंद्याच्या डोळ्यांसमोरचा वाचक गोरा आणि मध्यमवर्गीय असतो, आणि इतरांकडून त्याला रुचेल तेवढीच, ठरावीक वेदनांची गोष्ट मागितली जाते. दलित आत्मकथनांनंतर दलित लेखकाकडून पुन्हा आत्मकथनाचीच अपेक्षा कशी होत राहिली, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग अडतं कुठे? त्याचं एक उत्तर अगदी रुक्ष आहे: पगार. न्यूयॉर्कमध्ये सहायक संपादकाच्या सुरुवातीच्या वेतनात घरभाडंच भागत नाही. त्यामुळे या धंद्यात पहिली काही वर्षं तोच टिकतो, ज्याला घरून पैसे येतात. अमेरिकेत कुटुंबाची शिल्लक आणि वंश यांचं नातं फार जुनं आहे. १० नोव्हेंबर २०२२ रोजी हार्परकॉलिन्सचे सुमारे अडीचशे कर्मचारी संपावर गेले. मागण्यांत पहिली होती किमान पगार ४५,००० डॉलरवरून ५०,००० करण्याची, आणि जोडीला कर्मचाऱ्यांतल्या वैविध्याबाबत लेखी बांधिलकीची. ऐन हिवाळ्यात तीन महिने ते रस्त्यावर उभे राहिले. फेब्रुवारीत तडजोड झाली आणि किमान पगार टप्प्याटप्प्यानं ५०,००० करायचं ठरलं.

दुसऱ्या बाजूनं वारा उलटाही वाहतो आहे. पेन अमेरिका या संस्थेनं २०२३-२४ या शालेय वर्षात तिथल्या सार्वजनिक शाळांमधून पुस्तकं हटवल्याच्या १०,०४६ घटना नोंदवल्या. हटवलेल्या पुस्तकांत वंश आणि वर्ण या विषयांवरची पुस्तकं मोठ्या संख्येनं आहेत. मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ तर अशा याद्यांत नेहमीचीच. शाळा आणि ग्रंथालयं हे बालपुस्तकांचं मोठं गिऱ्हाईक. त्यानं हात मागे घेतला, की पुढच्या बैठकीत कॉम्पचा आकडा पुन्हा खाली येणार.

ली अँड लोच्या २०१९ च्या पाहणीत मात्र एक नोंद बाकी आकड्यांशी फटकून होती. प्रकाशन संस्थांत उमेदवारी करणाऱ्या तरुणांपैकी ४९ टक्के गोरे नव्हते. उमेदवारापासून सहायक, सहायकापासून स्वतंत्रपणे पुस्तकं निवडणारा संपादक आणि पुढे विभागाचा प्रकाशक, या प्रवासाला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे त्या तुकडीतली किती माणसं त्या बैठकीच्या खोलीपर्यंत पोचली, हे २०३० च्या आसपास कळू लागेल. त्यांच्यातले किती जण तोवर भाडं परवडेना म्हणून दुसऱ्या धंद्यात गेले असतील, त्यावर २०३५ च्या पुस्तकांची यादी बरीचशी अवलंबून आहे.